पाच स्वरांचे शब्द आणि इंग्रजीची धास्ती

खेड्यातील मराठी शाळेतून निवासी शाळेत दाखल झालेल्या मुलाला सर्वांत मोठी धास्ती असते ती इंग्रजी स्पेलिंगची. मराठीत बहुतांशी जसे ऐकावे तसे लिहिता येते. इंग्रजीत ऐकलेला शब्द आणि कागदावरचा शब्द यांचा मेळ बसत नाही. मग सायंकाळच्या अभ्यासाला 'ई-डी-यू-सी-ए-टी-आय-ओ-एन, एज्युकेशन' अशी घोकंपट्टी सुरू होते. परीक्षेत एखादे अक्षर निसटते, वहीवर लाल रेघ उमटते आणि 'इंग्रजी आपल्यासाठी नाही' ही समजूत मनात घर करते. पुढे कित्येकांच्या वाटा या एका समजुतीने बदलतात. ती समजूत खोटी आहे, हे एका लहानशा शब्दसमूहाच्या आधारे दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

इंग्रजीत अक्षरे २६. त्यांतील ए, ई, आय, ओ आणि यू ही पाच स्वराक्षरे. ही पाचही ज्यांत एकत्र नांदतात असे शब्द शोधणे हा शब्दप्रेमींचा आवडता खेळ आहे. 'एज्युकेशन' हा त्यांपैकीच एक. त्याच्या नऊ अक्षरांत पाचही स्वर येतात आणि कोणतेही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. गणितातील 'इक्वेशन' आठ अक्षरांचा. त्यातून पाच स्वर काढले तर क्यू, टी, एन ही तीनच व्यंजने उरतात. 'डायलॉग' या शब्दातही पाचही स्वर आहेत, मात्र शेवटचे यू आणि ई लिहिले जातात, उच्चारले जात नाहीत.

अडचणीचे मूळ नेमके येथे आहे. स्वराक्षरे पाच, पण ब्रिटिश इंग्रजीच्या प्रमाण उच्चारात स्वरध्वनी सुमारे वीस. पाच जणांनी वीस जणांचे काम करायचे, तर एकेकाला अनेक भूमिका घ्याव्या लागणारच. 'एज्युकेशन' हा शब्द देवनागरीत लिहून पाहा. आरंभीचा 'ए' आणि 'के'वरची मात्रा आपल्याला एकाच स्वराच्या वाटतात; इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी ई हे अक्षर आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ए. शेवटच्या 'शन'मध्ये तर टी, आय, ओ आणि एन अशी चार अक्षरे दडलेली आहेत. मराठी कानाने ऐकून लिहिणारा मुलगा येथे चुकतो, तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. त्याच्या लिपीने त्याला वेगळी, अधिक सरळ सवय लावलेली असते म्हणून.

या विसंगतीला इतिहास आहे. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि पुढे स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले. त्याच सुमारास, साधारणपणे पंधराव्या ते अठराव्या शतकाच्या दरम्यान, दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र पालटत होते. एन-ए-एम-ई हा शब्द पूर्वी आपल्या 'नाम'च्या जवळपास उच्चारला जाई. आज तो 'नेम' झाला आहे. उच्चार पुढे गेला, अक्षरे मागे राहिली. भाषेतील असा विसंवाद केवळ इंग्रजीतच आहे असेही नाही. 'चमचा' आणि 'चहा' यांतील 'च' आपणही एकाच अक्षराने लिहितो आणि वेगळा उच्चारतो.

मग उपाय कोणता? सुटी अक्षरे घोकण्याऐवजी शब्दाचे अर्थपूर्ण अवयव पाहणे. आपण संधी आणि समास सोडवतो, तसेच हे. 'सबकॉन्टिनेन्टल' हा चौदा अक्षरांचा शब्द घ्या. 'सब' म्हणजे उप, 'कॉन्टिनेन्ट' म्हणजे खंड आणि शेवटचे ए-एल हा विशेषणाचा प्रत्यय: उपखंडीय. गंमत अशी, की यात पाचही स्वर उलट्या क्रमाने येतात: यू, ओ, आय, ई, ए. 'अनकॉपीराइटेबल' म्हणजे ज्याचा स्वामित्वहक्क घेता येत नाही असे. अक्षरे पंधरा आणि एकही पुन्हा न येणारे. पण 'अन', 'कॉपी', 'राइट', 'एबल' असे तुकडे केले की पाचवीतल्या मुलालाही ते ओळखीचे वाटतील.

सरळ क्रमाचे शब्दही आहेत. 'फसीशस' म्हणजे नको तेथे थट्टा करणारा. 'ॲब्स्टीमियस' म्हणजे खाण्यापिण्यात संयम राखणारा. दोहोंत ए, ई, आय, ओ, यू ओळीने भेटतात. दुसऱ्या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि त्याचा मूळ रोख मद्यापासून दूर राहण्याकडे आहे. पंचशीलातील पाचवे शील नित्य म्हणणाऱ्या मुलाला हा अर्थ एकदा सांगितला, की पुन्हा सांगावा लागणार नाही.

अर्थ कळला की अक्षरेही टिकतात. 'इक्वेशन'चे मूळ सम करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. आपला 'समीकरण' हा शब्द तेच सांगतो. 'एज्युकेशन'चे मूळ 'एज्युकारे' या लॅटिन क्रियापदात आहे आणि त्याचा अर्थ वाढवणे, संगोपन करणे असा आहे. निवासी शाळेत राहिलेल्यांना हा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पालकांना विनंती एवढीच, की मुलाचे स्पेलिंग चुकले तर त्याला ते दहा वेळा लिहायला लावण्याआधी त्या शब्दाचे तुकडे त्याच्याकडून करून घ्यावेत. स्वतःला इंग्रजी येत नसले तरी 'याचा अर्थ काय, यात आणखी कोणता शब्द लपला आहे?' एवढे विचारता येते. आणि माजी विद्यार्थ्यांनी सुटीत शाळेला भेट द्याल, तेव्हा एक संध्याकाळ मुलांसोबत बसून पाच स्वरांचे शब्द शोधावेत. सुरुवात शाळेच्या पाटीवरील शब्दांपासूनही करता येईल.