हळू चालवली म्हणजे जपली?

गाडी जुनी झाली की ती हळू चालवावी, म्हणजे जास्त दिवस टिकते, असे आपल्याकडे सर्रास मानतात. यातले निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्यापायी चांगली इंजिने वेळेआधी खोलावी लागतात.

म्हैसूरला आजोबांकडे १९९८ ची मारुती ८०० आहे. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते आणि नंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे या गाडीची पुढची परीक्षा २०२८ मध्ये. मामा म्हणतो, विकून टाका. पण आजीला गुडघ्यांमुळे रिक्षात चढता-उतरता येत नाही आणि आजोबांच्या पेन्शनमध्ये नवी गाडी बसत नाही. आजोबांची सारी नोकरी ईएमईमध्ये, सैन्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात झाली. इंजिन २०२८ पार करील असे ते म्हणतात, पण ते कसे चालवायचे याबाबत फार कडक आहेत. मला लायसन्स मिळायला अजून अवकाश आहे. तोवर शेजारच्या सीटवर बसून जे ऐकले आणि अकरावीच्या फिजिक्सशी ताडून पाहिले, ते इथे मांडतो.

या गाडीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. पिस्टन एका फेऱ्यात ७२ मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली जातो. क्रँकशाफ्ट मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ६ मीटर होतो. ५००० फेऱ्यांना तो १२ मीटर होतो. वेग दुप्पट झाला, पण पिस्टनला दोन्ही टोकांना थांबवून परत फिरवायला लागणारे बल चौपट होते, कारण ते फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढते. हे बल कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग सोसतात. त्यामुळे इंजिन सतत किंचाळत ठेवू नये, हे खरेच. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात पिस्टनची चाल ८८.९ मिलिमीटर होती, म्हणून तेवढ्याच फेऱ्यांना तिचा पिस्टन जास्त जोरात धावे. ‘इतके फेरे म्हणजे जास्त’ असा एकच आकडा सगळ्या गाड्यांना लावता येत नाही, तो यामुळे.

आता दुसरी बाजू पाहा. शहरातून चामुंडी टेकडीवर जायचा रस्ता सुमारे १३ किलोमीटरचा आहे आणि चढ जवळजवळ ३०० मीटरचा. या घाटात अनेक जण गाडी चौथ्या गिअरमध्येच ठेवतात. गाडी हुंदके देते, स्टिअरिंग थरथरते, तरी गिअर खाली घेत नाहीत. उलट अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबतात. त्यांना वाटते, आवाज कमी म्हणजे इंजिनाला त्रास कमी. प्रत्यक्षात इंजिनाचे सर्वांत जास्त हाल इथेच होतात.

क्रँकशाफ्ट बेअरिंगला थेट टेकलेला नसतो, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. हा थर शाफ्टच्या फिरण्यानेच तयार होतो. पावसात वेगाने जाणारे टायर पाण्यावर उचलले जाते, तसेच. रस्त्यावर ते घातक, बेअरिंगमध्ये मात्र तेच हवे. फेरे कमी आणि भार जास्त झाला की थर पातळ होतो आणि धातूला धातू लागायची वेळ येते. शिवाय फेरे कमी असले की पेट्रोलच्या मिश्रणाला आपोआप पेट घ्यायला जास्त वेळ मिळतो, मग इंजिनातून टकटक ऐकू येते. ती पिस्टनवर बसणारी हातोडी समजा. म्हणून आजोबा चढ लागण्याआधीच दुसरा गिअर टाकतात. या इंजिनाची ओढ २५०० फेऱ्यांच्या आसपास सर्वांत जास्त असते. गाडीत फेरे दाखवणारा काटा नाही, तेव्हा ते कानाने ओळखावे लागते. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला आणि गाडी लगेच पुढे सरकली तर गिअर बरोबर. नुसता आवाज जड झाला तर एक खाली.

थंड इंजिनाचे वेगळेच. सकाळी चोक ओढलेला असताना सिलिंडरमध्ये जादा पेट्रोल जाते आणि भिंतीवरचे तेल धुऊन काढते. म्हणून दहा मिनिटे उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवण्यापेक्षा अर्ध्या-एक मिनिटात निघावे आणि तापमानाचा काटा वर येईपर्यंत जोर लावू नये. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. नेहमी बाजारापुरतीच गाडी काढली तर इंजिन पुरते तापत नाही आणि त्यातले थोडे पाणी तेलात मिसळते. आजोबा आठवड्यातून एकदा नंजनगूडपर्यंत, सुमारे २५ किलोमीटर, जाऊन येतात. आजी म्हणते ते रसबाळे केळ्यांसाठी. पण इंजिनाला फायदा होतो तो होतोच.

टेकडी उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारेही दिसतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. चढताना टाकलेलाच गिअर उतरताना ठेवावा, इंजिन गाडीला आवरते. मात्र हा नियम जावाला तसाच लावू नये. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत बनलेल्या मोटरसायकली आजही इथे पुष्कळ फिरतात. त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. उतारावर थ्रॉटल बंद ठेवला की पेट्रोल जवळजवळ थांबते आणि त्याच्याबरोबर तेलही, पिस्टन मात्र जोरात फिरत असतो. म्हणून जुने जावावाले उतारात मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडतात.

कारला ही अडचण नाही, पण जुन्या कारची दुसरी एक खोड आहे. लांब उतारावर थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये निर्वात वाढतो आणि झिजलेल्या रिंगांमधून तेल वर ओढले जाते. खाली येऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निळसर धूर दिसतो. टेकडी उतरल्यावर आजोबा गाडी सपाटीवर लावतात, दहा मिनिटे थांबतात आणि डिपस्टिक पुसून तेल बघतात. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली की पुढे निघतात.