तळ्याकांठची शर्यत

मॅरॅथॉनची शर्यत २६ मैल ३८५ यार्डांची. हें अंतर प्रथम १९०८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत धांवण्यांत आलें. न्यूयॉर्कजवळील रॉकलंड सरोवराच्या उद्यानांत एक फेरी सुमारें तीन मैलांची, म्हणून तेथें जवळजवळ नऊ फेऱ्या घालाव्या लागतात. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या सूनबाई तेथील एका लहानशा शर्यतींत धांवल्या. पाण्याचे पेले देण्याचें काम आम्हांकडे होतें. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातें, म्हणून कांहीं पेल्यांत मीठ व साखर घातली होती.

सात फेऱ्या संपवून सूनबाई आल्या, त्या वेळीं ऊन चांगलेंच चढलें होतें. चेहरा फिका, पाय अडखळत, आणि त्या उन्हांत अंगावर कांटा!

"मामंजी, दोनच राहिल्या," त्या म्हणाल्या.

आरंभिलेलें कार्य सोडूं नये, हेंच आम्हीं जन्मभर वर्गांत शिकविलें. तोच पाठ ओठांवर आला होता. पण उन्हांत शहारे येणें हें धोक्याचें लक्षण.

"पुरे, मुली. बैस," एवढेंच आम्ही म्हणालों.

सावलींत बसवून ओल्या पंचानें मान पुसली, वारा घातला. अर्ध्या तासानें त्या हंसल्या, तेव्हां आमचा जीव खालीं पडला.

तळ्याभोंवतालची वाट धांवणाऱ्यास दर फेरीला आपल्या माणसांसमोर आणते. घरांतील वडील माणसांनीं "चल" म्हणावें तसें वेळीं "थांब"ही म्हणावें, हा धडा आम्ही उतारवयांत तेथें शिकलों.