आकाशमार्गे बालवीरांचा मेळावा

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी लघुलहरींच्या पट्ट्यांत, विशेषतः १४.२९० मेगाहर्ट्झच्या आसपास, एरवी क्वचितच कानी पडणारे आवाज उमटू लागतात. हे आवाज कोवळे असतात, इंग्रजी बहुधा अडखळते असते आणि संभाषणाचे विषयही ठरलेले असतात : तुझे नाव काय, तुझे गाव कोठे, तुमच्याकडे आता दिवस आहे की रात्र? जगभरच्या बालवीरांचा हा ‘आकाशातील मेळावा’ १९५८ सालापासून भरत आला आहे. पुढे त्याला इंटरनेटवरील गप्पांच्या मेळाव्याची जोड मिळाली, आणि आज ‘जोटा-जोटी’ या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमात लक्षावधी मुले-मुली भाग घेतात. महाराष्ट्रातील किती शिक्षकांना याची वार्ता आहे, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

या मेळाव्याचा उगम मोठा साधा आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर अवघ्या वीस मुलांचे शिबिर भरवले. त्या घटनेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा १९५७ साली इंग्लंडातील सटन पार्क येथे जागतिक मेळावा भरला. तीस हजारांहून अधिक बालवीर तेथे जमले. त्या छावणीत एक हौशी रेडिओ केंद्रही चालत होते आणि त्याच्याभोवती देशोदेशींचे रेडिओवेडे स्काउट गोळा होत. तंबू उतरवण्याची वेळ आली, तेव्हा ही ओळख येथेच का संपावी, असे त्यांच्या मनात आले. घरी परतल्यावर आपापल्या यंत्रांवरून पुन्हा भेटावे, ही कल्पना लेस्ली मिचेल या इंग्रज स्काउट कार्यकर्त्याने उचलून धरली. ते स्वतः परवानाधारक हौशी रेडिओचालक होते. पुढच्याच वर्षी, मे १९५८ मध्ये, पहिला आकाशमेळावा पार पडला. जगाच्या पाठीवर एकत्र येण्यासाठी बोटीचे अथवा विमानाचे भाडे ज्यांना कधीच परवडले नसते, त्यांच्यासाठी हा मेळावा होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

मुहूर्तही मोठा भाग्याचा लाभला. लघुलहरी दूर जातात त्या पृथ्वीभोवतीच्या आयनांबरावरून परावर्तित होऊन. आणि आयनांबराची ही शक्ती सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राबरोबर कमी-अधिक होते. सौर डागांची नोंद ठेवली जाऊ लागल्यापासूनचे सर्वांत प्रखर चक्र नेमके १९५७-५८ च्या सुमारास शिखरावर होते. अशा काळात दिव्याच्या बल्बापेक्षाही कमी शक्तीचा प्रक्षेपक अर्ध्या जगापलीकडे ऐकू जातो. उलट, सूर्य शांत असलेल्या वर्षी तासन्‌तास पुकारा करूनही शेजारच्या देशापलीकडे कोणी ओ देत नाही. मुलांना भूगोल आणि पदार्थविज्ञान शिकवण्याची याहून चांगली संधी शाळेच्या चार भिंतींत मिळणे कठीण. ऑक्टोबरच्या सायंकाळी युरोप का ऐकू येतो आणि पहाटे तोच पट्टा मुका का होतो, हे कोडे एकदा कानांनी अनुभवले की पाठ्यपुस्तकातील आकृती वेगळी दिसू लागते.

परंतु या माध्यमाचा खरा संस्कार त्याच्या शिस्तीत आहे. रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दुसऱ्याने आपले वाक्य संपवले हे कळल्यावाचून तोंड उघडायचे नाही. प्रत्येक केंद्राला शासनाने दिलेले नाव, म्हणजे संकेतनाम असते आणि ते वारंवार उच्चारावे लागते. खरखरीतून आपले गाव समजावून सांगायचे तर अक्षरांना शब्दांची नावे द्यावी लागतात. सातारच्या मुलाला आपले गाव ‘सिएरा, आल्फा, टँगो, आल्फा, रोमिओ, आल्फा’ असे सांगावे लागेल. त्यात इंग्रजीच्या व्याकरणाची परीक्षा नाही. थोडक्या ठरावीक वाक्यांवर संभाषण पार पडते आणि मराठी माध्यमातील विद्यार्थ्याचा न्यूनगंड येथे आपोआप गळून पडतो. शिवाय हौशी रेडिओवर सांकेतिक गुप्तभाषेला मनाई आहे. जे बोलले जाते ते कोणीही ऐकू शकतो.

अर्थात या मार्गावर अडसरही होते. परक्या देशात त्रयस्थ माणसाचे निरोप पोहोचवण्यास हौशी केंद्रांवर आंतरराष्ट्रीय नियमांनी दीर्घकाळ बंधन घातले होते. संबंधित सरकारांनी आपसांत सवलत दिली तरच ते शिथिल होई. मेळाव्यापुरती शुभेच्छा देण्याची मुभा अनेक देशांनी दिली. जेथे ती नव्हती तेथे परवानाधारकाने बोलायचे आणि मुलांनी भोवती बसून ऐकायचे, एवढेच उरे. आणि ज्या गावात परवानाधारकच नाही, तेथील पथकाने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर संगणकाने दिले. १९८८ साली फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी ‘इंटरनेट रिले चॅट’ ही लिखित गप्पांची पद्धती तयार केली. दहा वर्षे उलटण्याच्या आतच स्काउटांनी ती आपल्या मेळाव्यासाठी वापरात आणली. आता ना सूर्याची मर्जी सांभाळायची, ना उंच अँटेना उभारायचा. एप्रिल २०२० मध्ये, महासाथीमुळे जगभरच्या शाळा बंद असताना, या मेळाव्याचे एक खास अधिवेशन ऐनवेळी भरवता आले ते या सोयीमुळेच. एरवीच्या ऑक्टोबरची वाट पाहत बसावे लागले नाही. घरात कोंडलेल्या मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

तथापि सोय आली की सावधगिरी सुटते. रेडिओवर आवाज ऐकू येतो, संकेतनामामागे शासनाच्या दप्तरी नोंदलेली व्यक्ती असते आणि मुलाच्या शेजारी एक प्रौढ बसलेला असतो. गप्पांच्या पडद्यावर यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. तेरा वर्षांची मुलगी म्हणून लिहिणारी व्यक्ती कोण आहे, हे ओळखण्याचा मार्ग मुलांपाशी नसतो. म्हणूनच संघटनेने देखरेखीखालील दालने आणि सुरक्षिततेचे आधी घ्यावयाचे धडे यांवर भर दिला, तो योग्यच आहे. पण दूरवरचा देखरेख करणारा हा खोलीतल्या शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. मुलाला भ्रमणध्वनी हाती देऊन ‘जा, जगाशी बोल’ म्हणणे हा या मेळाव्यात भाग घेणे नव्हे. पथकाने एका खोलीत, एका पडद्याभोवती बसावे, पाळीपाळीने लिहावे, लिहिलेले सर्वांनी वाचावे, ही रेडिओची रीत गप्पांनाही लागू केली तर निम्मी काळजी मिटते.

आपल्याकडे पाया नाही असे नाही. भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था १९५० पासून उभी आहे. हौशी रेडिओचा परवाना मिळवण्यास वयाची बारा वर्षे पुरी झालेली असणे पुरते, आणि त्यातील प्राथमिक वर्गाला मोर्स संकेताची परीक्षाही द्यावी लागत नाही. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने अंदमानची दूरध्वनीव्यवस्था उद्ध्वस्त केली, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये योगायोगाने असलेल्या हौशी रेडिओचालकांच्या तुकडीने बाहेरच्या जगाशी संपर्क टिकवला होता. या छंदाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. खरी उणीव आहे ती ओळखीची. शाळेतील स्काउटमास्तरला जवळच्या रेडिओचालकाचा पत्ता नसतो, आणि आपल्या माडीवरच्या यंत्राभोवती मुले जमली तर त्याला आनंदच होईल अशा रेडिओचालकाला शाळेत कोणाकडे जावे हे ठाऊक नसते.

आणखी एक अडचण पंचांगाची आहे. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा म्हणजे महाराष्ट्रात कधी सहामाही परीक्षा, तर कधी दिवाळी. २०२५ साली मेळाव्याचा शनिवार नेमका धनत्रयोदशीला आला होता. त्या दिवशी शाळा उघडण्याची अपेक्षा कोणी करू नये. पण घरोघरचा आकाशकंदील चढवून झाल्यावर दहा-बारा मुलांनी एखाद्या रेडिओचालकाच्या गच्चीवर जमावे, यास परीक्षेची आडकाठी नाही. मात्र त्याची तयारी जूनमध्ये, शाळा उघडताच, सातवीच्या वर्गात अक्षरांची ती परकी नावे पाठ करवून घेण्यापासून करावी लागेल.