पिवळं कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषा नव्हे

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. त्याच दिवशी राज्यात पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा तीन रंगांच्या शिधापत्रिकांची योजनाही सुरू झाली. पहिली घटना इथल्या अभ्यासिकांमधली मुलं झोपेतही सांगतील. दुसरी कुणी पाठ करत नाही, पण दारिद्र्य या प्रकरणातले निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

सर्वांत पक्का गैरसमज असा : पिवळं कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेखाली, केशरी म्हणजे वर. बोलण्यात आपण असं म्हणतो, अर्जावरही लिहितो. प्रत्यक्षात कार्डाचा रंग वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाच्या मर्यादेवर ठरला. १५ हजारांपर्यंत पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर पांढरं. मग २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, राज्यात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि ग्रामीण भागात ४४ हजारांपर्यंत उत्पन्न असलेली केशरी कार्डवाली कुटुंबंही ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून माणशी पाच किलो धान्याला पात्र ठरली. या कायद्याखाली ग्रामीण महाराष्ट्रातल्या ७६.३२ टक्के लोकांना धान्य देता येतं. याच ग्रामीण महाराष्ट्राचं २०११-१२ मधलं अधिकृत दारिद्र्य मात्र २४.२२ टक्के आहे. एक आकडा खोटा असल्याशिवाय दुसरा खरा कसा, असं विद्यार्थी विचारतात. दोन्ही खरे आहेत. कार्ड मदत कुणाला द्यायची ते ठरवतं, दारिद्र्यरेषा किती जण गरीब आहेत ते मोजते. पहिल्यासाठी कुटुंबांची यादी लागते, दुसऱ्यासाठी नमुना पाहणी पुरते. म्हणूनच ‘गोंदिया जिल्ह्यात दारिद्र्यरेषेखाली नेमके किती टक्के?’ या प्रश्नाला नियोजन आयोगाच्या आकड्यांत उत्तर सापडत नाही. ते अंदाज राज्यापाशी थांबतात.

दुसरी चूक इतकी खोल मुरली आहे की चांगल्या गाईडांतही छापलेली दिसते : दारिद्र्यरेषा उत्पन्नावर ठरते. भारतात ती ठरते उपभोग खर्चावर, म्हणजे माणसानं महिन्याला काय काय वापरलं त्याच्या किमतीवर. सालेकसा तालुक्यातलं दोन एकर शेतीचं घर घ्या. घरचेच तांदूळ, परसातली भाजी, बोडीतली मासळी, जंगलातून वेचून आणलेली मोहफुलं. पैसे हातात आले नाहीत तरी पाहणी करणारा हे सगळं खर्चात धरतो, घरच्या धानाला शेतावरचा भाव लावून. रोख कमाई जवळपास शून्य असलेलं घर रेषेच्या वर निघू शकतं. उलट, महिन्याला बऱ्यापैकी मजुरी कमावणारं पण सावकाराचं देणं फेडण्यातच ती संपवणारं घर खाली राहतं.

रेषा देशभर एकच असते, हाही समज काढून टाका. १९९३ च्या लकडावाला तज्ज्ञ गटापासून प्रत्येक राज्याची रेषा वेगळी आहे, कारण भाव वेगळे. २०११-१२ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रात ती माणशी महिना ९६७ रुपये होती, मध्य प्रदेशात ७७१, छत्तीसगडमध्ये ७३८. गोंदिया या दोन्ही राज्यांना लागून आहे. महिन्याला ८५० रुपयांचा उपभोग असलेला माणूस दरेकसाला गरीब ठरायचा आणि रेल्वेनं पुढे छत्तीसगडमधल्या डोंगरगडला उतरला की गरीब राहायचा नाही. हिशेबात हे बरोबर आहे, कारण तेवढ्याच पैशात तिकडे जास्त मिळतं असं गृहीत धरलं आहे. सीमेवरच्या दोन गावांचा आठवडी बाजार एकच असेल तर ते गृहीतक लंगडं पडतं, हेही तितकंच खरं. ९६७ म्हणजे दिवसाला ३२ रुपये. तेवढ्यात माणूस नीट जगतो असा दावा या रेषेत नाही. वर्षानुवर्षं तुलना करता यावी म्हणून आखलेली ती एक खूण आहे. ती फार खाली आखली गेली, असं माझं मत आहे, आणि तसं म्हणणारे अर्थतज्ज्ञही कमी नाहीत.

आता समित्या. यावर हमखास प्रश्न येतो आणि हमखास चुकतो. ‘तेंडुलकर समिती – २४०० आणि २१०० कॅलरी’ अशी जोडी लावली की गुण गेले. ग्रामीण २४०० आणि शहरी २१०० उष्मांकांचा निकष १९७९ च्या अलघ कृतिदलाचा. त्याआधी पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ च्या अभ्यासात २२५० उष्मांक धरून १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा काढली होती. त्यांच्याही आधी दादाभाई नौरोजींनी तुरुंगातल्या कैद्यांना मिळणारा शिधा हाताशी धरून किमान गरजांचा हिशेब मांडला. कैद्याला जितकं मिळतं तितकंही सामान्य रयतेला मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा इंग्रजांना झोंबणारा होता. सुरेश तेंडुलकरांच्या समितीनं २००९ च्या अहवालात उष्मांकांचा आधार सोडला आणि शिक्षण-आरोग्यावरचा खर्च हिशेबात घेतला. रंगराजन समितीनं २०१४ मध्ये पोषणाचा निकष पुन्हा आणला, रेषा वर नेली, आणि २०११-१२ चंच दारिद्र्य २१.९ टक्क्यांवरून २९.५ वर गेलं. लोक तेच, वर्ष तेच. पट्टी बदलली आणि गरिबांची संख्या सुमारे नऊ कोटींनी वाढली. पुढे नियोजन आयोगच बरखास्त झाला आणि रंगराजन अहवाल अधिकृतपणे स्वीकारला गेला नाही.

नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक ही या रेषेची सुधारित आवृत्ती आहे, असं बरेच जण लिहितात. तो पैसे मोजतच नाही. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन अंगांचे बारा निर्देशक घेतो, प्रत्येक अंगाला एक तृतीयांश वजन. वंचिततेची बेरीज ३३.३ टक्क्यांवर पोहोचली की कुटुंब गरीब. देवरीकडचं एक कल्पित घर मोजून पाहू. चूल लाकडावर, घर मातीच्या भिंतीचं आणि शेणानं सारवलेलं, शौचालय नाही. राहणीमानाच्या सात निर्देशकांपैकी तीन गेले, प्रत्येकी ४.७६ प्रमाणे १४.३. घरातलं एक मूल कुपोषित, त्याचे १६.७. एकूण ३१. हे घर गरीब नाही! उन्हाळ्यात जवळची विहीर आटून पाण्यासाठी जाऊन-येऊन अर्धा तास लागायला लागला की आणखी ४.७६ पडतात आणि तेच घर गरिबांत येतं. या पद्धतीनं २०१९-२१ मध्ये देशात १४.९६ टक्के आणि महाराष्ट्रात ७.८१ टक्के लोक गरीब निघाले. हे आकडे तेंडुलकरांच्या २१.९ शेजारी ठेवून ‘दारिद्र्य इतकं घटलं’ असं लिहू नका.

कारणांबद्दलचे गैरसमज गोंदियात बसून खोडणं सोपं जातं. पाणी नाही म्हणून गरिबी, हे मराठवाड्याकडे बघून बनलेलं सूत्र इथे चालत नाही. बाराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस, वैनगंगा, बाघ, इटियाडोह, नवेगावबांध आणि गावोगावी माजी मालगुजारी तलाव. तरी धान हे एकच मुख्य पीक, तुकड्यातुकड्यांच्या बांध्या, रोवणीला महिनाभर हातांना काम आणि मग कापणी-मळणीपर्यंत नुसती वाट. काम हंगामाला बांधलेलं, म्हणून कमाईही हंगामाला बांधलेली.

शिक्षण नाही म्हणून गरिबी, हेही अर्धंच. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता जवळपास ८५ टक्के होती, राज्याची ८२.३. तरीही २००६ मध्ये केंद्राच्या रोजगार हमीसाठी निवडलेल्या राज्यातल्या पहिल्या बारा जिल्ह्यांत गोंदिया होता. शिकलेल्या हातांना जिल्ह्यात काम किती, हा प्रश्न साक्षरतेच्या टक्केवारीत येत नाही.

‘गरीब आळशी असतात’ असं म्हणणाऱ्यानं मे महिन्यात पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या बायांबरोबर एकदा जावं. ऊन चढायच्या आत पानं तोडायची, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यायचे. हा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. कमी पडतं ते काम, कष्ट नव्हेत.

दरडोई उत्पन्न वाढलं की गरिबी घटली, या समजाला उत्तर तिरोड्यात आहे. तिथला औष्णिक वीज प्रकल्प ३३०० मेगावॉटचा. जिल्ह्याचं उत्पन्न मोजताना जिल्ह्याच्या हद्दीत जे निर्माण झालं ते धरतात. नफा कुठल्या शहरात गेला, ते बघत नाहीत. विजेची किंमत गोंदियाच्या सरासरीत मिसळते, अर्जुनी मोरगावच्या मजुराच्या पदरात नाही.

जागतिक बँकेच्या रेषेचं थोडक्यात. जून २०२५ पासून ती दिवसाला तीन डॉलर आहे. बँकेतला डॉलरचा भाव लावून तिचे अडीचशे रुपये करू नका. हे डॉलर क्रयशक्ती समानतेचे असतात आणि तो दर ढोबळमानानं वीस-बावीस रुपयांचा. या पट्टीनं २०२२-२३ मध्ये भारतातलं अतिदारिद्र्य ५.३ टक्के निघालं.

पेपरात ‘अधिकृत’ हा शब्द दिसला तर उत्तर २०११-१२ चं, तेंडुलकर पद्धतीचं : देश २१.९, महाराष्ट्र १७.३५. २०१७-१८ ची खर्च पाहणी सरकारनं प्रसिद्धच केली नाही. २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भारताचा माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी ६,९९६ रुपये आला, पण त्यावरून नवी अधिकृत रेषा अजून आखलेली नाही. पर्यायांत त्या सालाची ‘अधिकृत दारिद्र्यरेषा’ दिलेली असेल, तर तो पर्याय आधी खोडा.