ऑक्सचं ऑक्सेस का होत नाही?

बॉक्सचं बॉक्सेस, फॉक्सचं फॉक्सेस, मग ऑक्सचंच ऑक्सन का? वर्गात या प्रश्नाला सहसा एकच उत्तर मिळतं: पाठ कर. उत्तर देणाऱ्याला चिंचेच्या चिंचा आणि भिंतीच्या मात्र भिंती का, असं विचारलं तर तोही गप्प बसेल.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी या बाबतीत मराठीच्या वळणाचीच होती. नामांना तीन लिंगं होती आणि अनेकवचनाच्या रीतीही अनेक. काही नामांना ‘अस’ लागे, काहींना ‘अन’. काहींचा पोटातला स्वरच बदले. फूट-फीट, माउस-माइस ही त्या घराण्यातली. शीप आणि डीअर यांना काहीच लागत नसे. एक दगड, दहा दगड म्हणणाऱ्यांना त्याचं नवल वाटायला नको. पुढे ‘अस’मधून आलेल्या ‘एस’ने बाकीच्यांना गिळलं. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लेखनात डोळ्यांना ‘आयेन’सारखं रूप आहे, तेही गेलं. बैल तेवढा हटून राहिला.

चाइल्डची गंमत आणखी वेगळी. त्याचं अनेकवचन आधी ‘र’ लागून होई. हा ‘र’ अनेकवचनाचा आहे हेच लोक विसरले आणि त्यावर ‘एन’ चढवून मोकळे झाले. चिल्ड्रन म्हणजे टोपीवर टोपी.

अशीच दुहेरी टोपी अंड्यालाही होती. इंग्लंडमध्ये छपाई आणणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने 1490 साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक किस्सा दिला आहे. वारा पडल्यामुळे थेम्सवर अडकलेले व्यापारी किनाऱ्यावर उतरले. एकाने एका घरी ‘एग्ज’ मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितल्यावर तिला उलगडा झाला.

दोन्ही शब्दांचा अर्थ अंडीच. आयरेन हा घरचा शब्द, एग व्हायकिंगांबरोबर आलेला. त्याच पाहुण्यांनी इंग्रजीला ‘दे’ हे सर्वनाम दिलं. एखादी भाषा नामं सर्रास उसनी घेते. सर्वनाम घेणं म्हणजे शेजाऱ्याकडून चूलच उचलून आणणं. पण गरज होती. ‘ते’साठीची जुनी रूपं ‘तो’ आणि ‘ती’च्या रूपांशी उच्चारात मिसळू लागली होती. चॉसर ‘दे’ वापरतो, पण ‘त्यांना’ म्हणताना जुनंच ‘हेम’. आज बोलण्यात येणारं ‘एम’ हे त्याच हेमचं उरलेलं रूप. ‘देम’चा आळशी उच्चार म्हणून त्याला नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

‘यू’ची कथा मराठी कानाला लगेच पटेल. ते मुळात अनेकवचन. एकट्याला ‘दाऊ’ म्हणत. मग मोठ्यांना आदराने यू म्हणायची रीत आली, अगदी आपल्या तुम्हीसारखी. म्हणून समोर एकच माणूस असला तरी क्रियापद ‘आर’. सतराव्या शतकात क्वेकर पंथीयांनी भल्याभल्यांनाही दाऊ म्हणायचा हट्ट धरला आणि रोष ओढवून घेतला. इंग्रजांनी अखेर तूच टाकून दिला. मग अनेकांना काय म्हणायचं, ही अडचण उभी राहिली. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ निघालं, आयर्लंडमध्ये ‘यूज’.

‘वी’ मात्र अजून तोकडंच आहे. आम्ही आणि आपण यांतला फरक त्याला येत नाही. ‘वी आर गोइंग आउट’ असं कुणी म्हटलं, की चपला घालायच्या की दार लावून घ्यायचं, हे मराठी माणसाला बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं.