एकाच संघात तीन तारे

ज्या व्यावसायिक खेळाडूचा संघाशी झालेला करार संपला आहे आणि ज्याला पुढचा संघ स्वतः निवडता येतो, त्याला फ्री एजंट म्हणतात. साधारण कुवतीच्या खेळाडूने हा हक्क वापरला तर फारशी चर्चा होत नाही. पण देशातले दोन-तीन सर्वोत्तम खेळाडू करार संपताच ठरवून एकाच संघात गेले, की हंगाम सुरू होण्याआधीच विजेता ठरल्यासारखे वाटते आणि लीगने अशा एकत्र येण्याला बंधन घालावे अशी मागणी होते. अमेरिकेतल्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, हा वाद २०१० पासून धुमसत आहे. त्याला त्या खेळाची रचनाही कारणीभूत आहे. मैदानात एका बाजूचे पाचच खेळाडू असतात आणि अव्वल खेळाडू ४८ मिनिटांच्या सामन्यात सहज ३५ मिनिटे खेळतो. क्रिकेटमधला थोर फलंदाज पहिल्याच चेंडूवर बाद झाला की त्या डावापुरता संपतो; बास्केटबॉलमधला तारा चुकला तरी पुढच्याच मिनिटाला चेंडू पुन्हा त्याच्या हाती येतो. म्हणूनच या खेळात तीन तारे एकत्र येणे जेवढे निर्णायक ठरते, तेवढे दुसऱ्या सांघिक खेळात क्वचितच ठरते.

संघ निवडण्याचा हा हक्क खेळाडूंना फार उशिरा आणि झगडून मिळाला. अमेरिकी बेसबॉलमध्ये १८७९ पासून संघमालकांनी आपसात ठरवून खेळाडू राखून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कराराची मुदत संपली तरी खेळाडू त्याच संघाच्या ताब्यात राही. मालक त्याला विकू शकत, दुसऱ्याशी अदलाबदल करू शकत. खेळाडूला मात्र स्वतःहून जाता येत नसे. १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने बारा हंगाम आपल्याकडे खेळलेल्या कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. फ्लड कृष्णवर्णीय होता. मालकांना वाटेल तेव्हा खरेदी-विक्री करावी अशी आपण मालमत्ता नाही, असे त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना लिहून कळवले आणि दावा लावला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. तोवर फ्लडची कारकीर्द संपली होती. पुढे १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांना मोकळे ठरवले, तेव्हा ती जुनी पद्धत मोडली. बास्केटबॉलमध्ये खेळाडू संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याने १९७० मध्ये खटला भरला. १९७६ च्या तडजोडीने दार किलकिले झाले आणि १९८८ मध्ये पूर्ण उघडले. खेळाडूने कोठे जाऊ नये हे लीगने ठरवावे असे सुचवताना हा शतकभराचा इतिहास डोळ्यांआड करता येत नाही.

शिवाय हे स्वातंत्र्य अपुरेच आहे. नवा खेळाडू ड्राफ्टमधून येतो, म्हणजे त्याचा पहिला संघ तो निवडत नाही. शेवटच्या क्रमांकांवर राहिलेल्या संघांना पहिल्या निवडीची संधी अधिक मिळते. नंतरचा करारही बहुधा त्याच संघाशी होतो. लेब्रॉन जेम्सला २००३ मध्ये क्लीव्हलँडने निवडले आणि तेथून जाण्याचा निर्णय त्याने घेतला तो सात हंगामांनंतर.

८ जुलै २०१० रोजी जेम्सने दूरचित्रवाणीवरच्या खास कार्यक्रमात मायामी हीटकडे जात असल्याचे जाहीर केले. ड्वेन वेड तेथे होताच, ख्रिस बॉशही आला आणि तिघांनीही कमाल वेतनापेक्षा थोडे कमी घेऊन एकमेकांसाठी जागा केली. मायामीने पुढच्या चारही वर्षी अंतिम फेरी गाठली आणि २०१२ व २०१३ ची विजेतेपदे मिळवली. दुसरीकडे, आदल्या हंगामात ८२ पैकी ६१ सामने जिंकणारा क्लीव्हलँडचा संघ जेम्स गेल्यावर १९ सामन्यांवर घसरला. त्या शहराचे दुःख खरे होते. बंधनांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे: लहान शहराने वर्षानुवर्षे तिकिटे काढून ज्याला मोठे होताना पाहिले, तो ऐन बहरात निघून गेला, तर त्या शहराने पुढच्या वर्षी मैदानावर का यावे?

दुसरी घटना याहून धक्कादायक ठरली. २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने ८२ पैकी ७३ सामने जिंकून विक्रम केला होता. बाद फेरीत १-३ अशा पिछाडीवरून त्यांनी केव्हिन ड्युरंटच्या ओक्लाहोमा सिटीला हरवले. ४ जुलै २०१६ रोजी ड्युरंटने त्याच वॉरियर्समध्ये जाण्याचे ठरवले. २०१७ च्या बाद फेरीत त्यांनी १७ पैकी १६ सामने जिंकले. २०१८ चे विजेतेपदही त्यांच्याकडेच राहिले.

वॉरियर्सला हे परवडले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. एनबीएमध्ये १९८४-८५ पासून संघाच्या एकूण वेतनाला मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती ३६ लाख डॉलर होती. ही मर्यादा लवचीक आहे, कारण स्वतःच्या जुन्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना संघाला ती ओलांडता येते. मर्यादेचा आकडा लीगच्या उत्पन्नावर ठरतो. २०१४ मध्ये प्रक्षेपणाचा नऊ वर्षांचा, २,४०० कोटी डॉलरचा करार झाला आणि त्याचा पैसा येऊ लागताच २०१६ मध्ये मर्यादा ७ कोटींवरून एकदम ९.४१ कोटी डॉलरवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करावी हा लीगचा प्रस्ताव खेळाडू संघटनेने आधीच फेटाळला होता. त्याच सुमारास स्टीफन करी दुखापतींच्या काळात केलेल्या जुन्या करारावर, म्हणजे वर्षाला सुमारे १.२ कोटी डॉलरवर खेळत होता. एका उन्हाळ्यापुरती सगळीकडे जागा रिकामी झाली आणि सर्वोत्तम संघाकडेही ती होती. ड्युरंटच्या निष्ठेवर त्या वर्षी पुष्कळ लिहिले गेले; पण ज्या तिजोरीमुळे तो निर्णय शक्य झाला, ती लीगच्या आणि संघटनेच्या निर्णयांनी उघडली होती.

अशा महासंघांमुळे खेळाचे नुकसान होते का? अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की क्रीडाव्यवसायात प्रतिस्पर्ध्याचा नायनाट हा फायद्याचा सौदा नसतो. मुष्टियोद्धा जो लुईसला कमाईसाठी तोडीचा प्रतिस्पर्धी लागतो. तसेच संघाचेही आहे. तत्त्व बरोबर आहे, मात्र अनुभव इतका सरळ नाही. २०१७ च्या अंतिम फेरीचा निकाल बहुतेकांनी आधीच गृहीत धरला होता, तरी अमेरिकेत तिला १९९८ नंतरचा सर्वाधिक प्रेक्षकवर्ग लाभला. बलाढ्य संघ पाहायला, आणि तो हरताना पाहायला, लोक येतात. तोटा होतो तो मधल्या आणि तळच्या संघांचा, ज्यांच्या चाहत्यांना ऑक्टोबरातच आशा उरत नाही.

वर्चस्वाचे खापर फ्री एजंटांवर फोडणेही इतिहासाला धरून नाही. बिल रसेलच्या बॉस्टन सेल्टिक्सने १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत ११ विजेतेपदे मिळवली, तेव्हा एकाही खेळाडूला संघ निवडता येत नव्हता. १९८० च्या दशकातली दहापैकी आठ विजेतेपदे लॉस एंजेलिस लेकर्स आणि बॉस्टन यांनी वाटून घेतली, तेव्हाही पूर्ण मोकळीक नव्हती. २००७ मध्ये बॉस्टनने केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन यांना अदलाबदलीतून आणून पॉल पियर्सच्या जोडीला बसवले आणि लगेच २००८ मध्ये ते जिंकले. तारे मालकांनी जमवले तर ती चतुराई आणि खेळाडूंनी स्वतः जमवले तर तो गुन्हा, हा भेद न्याय्य नाही. तारे जमवले म्हणजे जिंकलेच असेही नाही. ड्युरंट, कायरी अर्विंग आणि जेम्स हार्डन ब्रुकलिनमध्ये एकत्र आले, पण दुखापती आणि गैरहजेरी यांमुळे केवळ १६ सामने एकत्र खेळून पांगले.

एका संघात अमुक इतकेच तारांकित खेळाडू, असा थेट नियम केला तर पहिला फटका चुकीच्या ठिकाणी बसेल. वॉरियर्सनी करीला २००९ मध्ये सातव्या, क्ले थॉम्पसनला २०११ मध्ये अकराव्या आणि ड्रेमंड ग्रीनला २०१२ मध्ये पस्तिसाव्या क्रमांकावर निवडले होते. इतर संघांनी ज्यांना डावलले, त्यांतून त्यांनी तारे घडवले. असा नियम अशा संघालाच आपला माणूस सोडायला लावील. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०१७ च्या सामूहिक करारात उलटा मार्ग काढला गेला: जो तारा आपल्याच संघात राहील त्याला इतरांपेक्षा बरेच जास्त वेतन. करीला याच तरतुदीतून पाच वर्षांचा २०.१ कोटी डॉलरचा करार मिळाला. पण वॉशिंग्टनने जॉन वॉलला अशाच अटींवर बांधले आणि पाठोपाठ त्याला गंभीर दुखापती झाल्या. तो करार संघाच्या गळ्यातले लोढणे झाला.

खरी गाठ आहे ती वैयक्तिक कमाल वेतनात, आणि याची चर्चा फार कमी होते. १९९७-९८ मध्ये शिकागोने मायकेल जॉर्डनला ३.३ कोटी डॉलर दिले, तेव्हा संपूर्ण संघाची वेतनमर्यादा २.६९ कोटी होती. मालक हादरले. १९९८-९९ च्या टाळेबंदीने हंगाम ५० सामन्यांवर आला आणि त्यातून निघालेल्या करारात एका खेळाडूच्या वेतनावर कमाल मर्यादा आली. आज ती अनुभवाप्रमाणे संघमर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के आहे. लीगमधले पहिले तीन-चार खेळाडू संघाला याहून कितीतरी जास्त मोलाचे असतात. पण प्रत्येक संघ जवळजवळ तेवढाच पैसा देऊ शकत असेल, तर खेळाडूने निवड कशावरून करायची? सोबतीला कोण आहे, शहर कसे आहे, राज्याचा आयकर किती आहे यावरून. म्हणजे ताऱ्यांना एकत्र आणण्याचे काम लीगचाच नियम करतो. ही मर्यादा काढून संघाच्या एकूण खर्चावर कडक सीमा ठेवली, तर दुबळा संघ एका ताऱ्याला निम्मी तिजोरी देऊ करील, आणि तिघांना एकत्र यायचे असेल तर प्रत्येकाला मोठा त्याग करावा लागेल. स्वातंत्र्य न हिरावता तारे पांगवण्याचा हा सर्वांत सरळ उपाय आहे. तो होत नाही, कारण सामूहिक करारावर तीस संघांतले सुमारे साडेचारशे खेळाडू मतदान करतात आणि ताऱ्यांचे वाचलेले पैसे बाकीच्यांच्या वाट्याला येतात.

कडक सीमा काय करते याचा अनुभव अमेरिकी फुटबॉलला १९९४ पासून आहे. तेथेही टॉम ब्रेडीने न्यू इंग्लंडला सहा विजेतेपदे मिळवून दिली. आयपीएलमध्ये तर खर्चाची सीमा आणि लिलाव दोन्ही आहेत. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होते आणि त्यांतले २७ कोटी लखनऊने एकट्या ऋषभ पंतवर लावले. एवढी मोठी बोली लागली की दुसरा तितकाच महाग खेळाडू घेणे जड जाते. मात्र लिलावात निवड संघाची असते, खेळाडूची नसते. नव्या कराराची बोलणी परस्पर केल्याबद्दल रवींद्र जडेजाला २०१० चा पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले. इतके करूनही २०२५ पर्यंतच्या १८ हंगामांतली दहा विजेतेपदे मुंबई आणि चेन्नई यांच्याकडेच आहेत, कारण चांगला गाभा कायम राखणे आणि नेमके खेळाडू हेरणे या गोष्टींवर सीमा घालता येत नाही.

एनबीएने २०२३ च्या करारात खर्चाची एक वरची रेषा आखली. तिला तेथे सेकंड ॲप्रन म्हणतात. २०२५-२६ साठी मूळ मर्यादा १५.४६ कोटी आणि ही रेषा २०.७८ कोटी डॉलरवर आहे. ती ओलांडणाऱ्या संघाला जबर कर तर बसतोच, शिवाय मर्यादेबाहेर नवा खेळाडू घेण्याची एरवीची सवलत जाते, दोन खेळाडूंच्या वेतनाची बेरीज करून अदलाबदलीत एक महाग खेळाडू घेता येत नाही आणि सात वर्षांपुढची ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड गोठवली जाते. श्रीमंत मालक कर भरून मोकळा होतो. हात बांधले गेले की पैसा उपयोगी पडत नाही. प्रक्षेपणाचा नवा, अकरा वर्षांचा सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा करार सुरू झाला, तरी मर्यादा वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढू द्यायची नाही हेही ठरले आहे. २०१६ ची फट त्यामुळे बुजली. २०१९ ते २०२५ या सात हंगामांत सात वेगळे विजेते झाले. ही मालिका नव्या रेषेच्या आधीच सुरू झाली असल्याने सगळे श्रेय तिला देता येणार नाही.

या रेषेत एक अन्याय राहून गेला आहे. ती विकत आणलेला तारा आणि स्वतः घडवलेला तारा यांत फरक करत नाही. २०२५ चा विजेता ओक्लाहोमा सिटी हे लहान शहर आहे. त्यांचा प्रमुख खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९ मध्ये अदलाबदलीतून कोवळ्या वयात आला. चेट होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स यांना त्यांनी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये निवडले. तिघांपैकी कोणीही फ्री एजंट म्हणून आलेला नाही. विजेतेपदानंतर तिघांशीही मोठे करार झाले आहेत आणि ते लागू होतील तसतसा संघ त्याच रेषेकडे ढकलला जाईल. ड्राफ्टमध्ये निवडून वाढवलेल्या खेळाडूच्या वेतनाचा काही हिस्सा या हिशेबातून वगळला, तर जे थांबवायचे होते तेच थांबेल आणि क्लीव्हलँडसारख्या शहरांना आपला खेळाडू राखता येईल. पुढच्या सामूहिक कराराच्या वाटाघाटीत ही सूट सर्वांत आधी मागितली गेली पाहिजे.