बीएएसएलपीला प्रवेश घेण्याआधी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नीटचा निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की घराघरांतून एक वाक्य ऐकू येतं : एमबीबीएस नाही, बीडीएस नाही, मग निदान बीएएसएलपी तरी घेऊन टाकू. बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, हे त्याचं पूर्ण नाव. तीन वर्षांचं शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप. हा अभ्यासक्रम घेऊन टाकण्याचा नाही, कारण पुढे ज्यांच्यावर उपचार करायचे त्यांतल्या अनेकांना स्वतःची तक्रारसुद्धा सांगता येत नाही.

सर्वांत पसरलेला समज म्हणजे बोबड्या मुलांकडून शब्द घोकून घेणं, एवढीच स्पीच थेरपी. प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहा. पाच वर्षांचं एक मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणतं. ‘क’ आणि ‘ग’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर जायला हवा. हे मूल जिभेचं टोक दातांकडे नेतं. थेरपिस्ट त्याला आरशासमोर बसवते, लाकडी पट्टीने जिभेचं टोक हलकेच खाली धरते आणि मागचा भाग उचलायला शिकवते. पण त्याही आधी तिला पाहावं लागतं, की या मुलाला नीट ऐकू येतं का? ऐकण्यातच उणीव असेल तर नुसत्या सरावाने फार काही हाती लागत नाही. श्रवण आणि वाचा हे दोन्ही विषय पदवीला एकत्र शिकवतात ते यासाठीच. दोहोंतला एक निवडायची संधी पुढे एमएस्सीला मिळते.

रुग्णही फक्त मुलंच नसतात. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाला घरचे मायेने पाणी पाजायला जातात. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतील तर ते पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. अशा वेळी थेरपिस्ट चमचाभर पाणी देऊन पाहते, गिळून झाल्यावर ‘आ’ म्हणायला लावते. आवाज ओलसर, घरघरता आला की सावध व्हायचं. शिवाय अफेजियामुळे शब्द हरवलेली माणसं, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावं लागलेले, टाळू दुभंगलेली बाळं, आवाज बसलेले शिक्षक, कॉक्लिअर इम्प्लांट झालेली मुलं, या सगळ्यांची वाट या विभागाकडेच येते.

बोलण्याचा विषय म्हणजे विज्ञान सुटलं, असं मानून आलेल्यांची पहिल्याच वर्षी धांदल उडते. ध्वनीचं भौतिकशास्त्र, शरीररचना, मज्जासंस्था, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र असं सगळं इथे आहे. याउलट, बारावीला जीवशास्त्र नसेल तर देशात कुठेच प्रवेश नाही, हेही खरं नाही. महाराष्ट्रात सीईटी कक्षाच्या फेऱ्या नीटच्या गुणांवर होतात, त्यामुळे तिथे जीवशास्त्र हवंच. पण म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेने वर्षानुवर्षं स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेतली आहे आणि भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राबरोबर गणित घेतलेल्या मुलांनाही तिथे दार उघडं राहिलं आहे. त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र स्वतः वाचा.

मान्यतेबद्दलचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. विद्यापीठाची पदवी असली की झालं, असं पालक धरून चालतात. या व्यवसायावर देखरेख आहे ती भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची. १९९२ च्या कायद्यानुसार परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही आणि मान्यता नसलेल्या संस्थेच्या पदवीवर ती नोंदणी होत नाही. ही मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि ठरावीक मुदतीसाठी असते. म्हणून कॉलेजने भिंतीवर लावलेलं जुनं पत्र पाहून समाधान मानू नका. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आपल्या प्रवेशाचं वर्ष बसतं का, ते तपासा. काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रांनी कोणी थेरपिस्ट होत नाही. डीएचएलएस ही एक वर्षाची पदविका मान्यताप्राप्त आहे, पण ती सहायकाच्या कामासाठी. कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांचा डीएड किंवा बीएड हा तर निराळाच व्यवसाय, तितकाच मोलाचा.

आता कॉलेजची निवड. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयाचा विभाग आहे. पुण्यात भारती विद्यापीठाचं कॉलेज आहे. नावावर किंवा चकचकीत प्रयोगशाळेवर निवड करावी असं मला वाटत नाही. हा हस्तकौशल्याचा आणि कान तयार करण्याचा अभ्यास आहे, तो रुग्णांजवळ बसूनच येतो. ओपीडीत रोज कोणत्या प्रकारचे रुग्ण येतात? विद्यार्थी स्वतः थेरपी देतात की कोपऱ्यात उभं राहून टिपणं काढतात? एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी? न्यूरॉलॉजी, बालरोग आणि कान-नाक-घसा या विभागांत कामाची पाळी लागते का? या प्रश्नांना कॉलेज सरळ उत्तरं देत नसेल तर दुसरं पाहा.

रुग्णांची भाषाही याच हिशेबात धरा. वऱ्हाडात किंवा खानदेशात मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणालं तर तो दोष नव्हे, ती त्याच्या घरची बोली आहे. हे न कळणारा थेरपिस्ट निरोगी मुलावर उपचार सुरू करील. पुस्तकं इंग्रजीत असली तरी मराठी मुलखात काम करायचं असेल तर शिकण्याच्या वर्षांत मराठी रुग्ण भरपूर हाताखालून जायला हवेत.

पदवी घेऊन थेट अमेरिकेत नोकरी, हाही एक समज. तिथे या व्यवसायासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी, परीक्षा आणि राज्याचा परवाना लागतो. तिथल्या व्यावसायिक संघटनेचं स्पीच थेरपीचं प्रमाणपत्र हवं तर चारशे तासांचा क्लिनिकचा अनुभव दाखवावा लागतो. ब्रिटनमध्ये तिथल्या आरोग्य व्यवसाय परिषदेची नोंदणी घ्यावी लागते. इथे मात्र नोकऱ्या रुग्णालयांत आणि विशेष शाळांत आहेत, तशाच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतही आहेत.

पसंतीक्रम भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला घेऊन एखाद्या वाक्-श्रवण विभागात जा, परवानगी मागा आणि एक सकाळ बसू द्या. तेच काम तासाभरात दहा वेळा करूनही ज्यांचा धीर सुटत नाही, त्यांनी हा अभ्यासक्रम पहिल्या पसंतीला टाकावा. ज्यांना तिथे बसवत नाही, त्यांना आग्रह करू नका.